गुप्तेवहिनींची बरणी

आमच्या बिल्डिंगमध्ये डुकराचं मटण शिजवणारी एकच बाई होती, आणि स्वयंपाकाच्या बाबतीत तिच्याइतकी सोवळी बाई मी आजवर दुसरी पाहिली नाही. आमच्या सासूबाईसुद्धा नाहीत. आणि त्या म्हणजे नळाचं पाणी गाळून, उकळून, वर पुन्हा त्याच्याकडे संशयाने बघून पिणाऱ्या. गुप्तेवहिनींचं सोवळं निराळं होतं. काय शिजवायचं याचा विधिनिषेध त्यांना नव्हता, कसं शिजवायचं याचा मात्र भयंकर होता.

डोंबिवली पूर्वेला आमचे ब्लॉक समोरासमोर. आमचं दार उघडलं की त्यांना आमच्या देवघरातला दिवा दिसायचा आणि त्यांचं उघडलं की मला त्यांची कढई. आम्ही लेले, पक्के शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद. ते सीकेपी, मासळीशिवाय घास न उतरणारे. तरी आमचं जमलं, आणि चांगलं जमलं. आज त्यांची आठवण आली की आधी हसू येतं आणि लगेच मावळतं. कारण या बाईने आपल्या मुलाचं जगणं एका चिनी मातीच्या बरणीला बांधून ठेवलं होतं, आणि ते मी समोरच्या दारातून बघत होते.

पण आधी जपानचं सांगते.

गुप्तेभाऊजी ठाण्याला एका कारखान्यात इंजिनियर होते. ऐंशीच्या सुमारास त्यांना नवीन मशीनं शिकायला दोन वर्षं नागोयाला पाठवलं. बाकीचे इंजिनियर एकटे गेले. वहिनी म्हणाल्या, "दोन वर्षं मी इथे काय करू, तुमच्या फोटोला हार घालत बसू?" आणि चार वर्षांच्या समीरला घेऊन विमानात बसल्या.

तिकडे पहिला महिनाभर पोरगं काही खाईना. भात चिकट, भाज्या गोड, मासे कच्चे. पोराच्या फासळ्या दिसायला लागल्या. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, विधवा म्हातारी. ती एक दिवस ताटली घेऊन वर आली. ताटलीत पावाचा चुरा लावून तळलेलं कटलेट, त्याचे लांब तुकडे केलेले, वर काळसर, दाट रस ओतलेला, आणि शेजारी केसासारखा बारीक चिरलेला कच्चा कोबी. समीरने ताटली चाटून पुसून खाल्ली. वहिनींनीही खाल्लं. मग त्यांनी खुणेने विचारलं, हे कशाचं? म्हातारीने नाक बोटाने वर केलं आणि डुकराचा आवाज काढला.

"अहो सुधाताई, तोवर पोटात गेलेलं होतं," वहिनी सांगायच्या. "म्हटलं, आता बाहेर काढायचा मंत्र काही मला येत नाही. आणि पोरगं जेवलं होतं हो महिन्याने!"

त्या म्हातारीला त्या 'माझी जपानी सासू' म्हणायच्या. सख्ख्या सासूपेक्षा तिच्याकडून जास्त शिकले, हेही वर सांगायच्या, सख्खी सासू बसलेली असताना.

परत येताना लोक टेपरेकॉर्डर आणतात, घड्याळं आणतात. यांनी आणला मिसो. मिसो म्हणजे सोयाबीन शिजवून, वाटून, मीठ आणि त्यांच्याकडचं एक विरजण घालून महिनोन्‌महिने मुरवलेला गोळा. रंग चिंचेच्या कोळासारखा, वास थोडा ताडीचा, थोडा जुन्या लोणच्याचा. त्या कटलेटावरचा काळसर रस याचाच असायचा.

महिन्यातून एका रविवारी गुप्त्यांकडे कटलेटं व्हायची. वहिनी सकाळी कल्याणला जायच्या. तिथे रेल्वे कॉलनीजवळ एक गोवेकर फक्त रविवारी डुकराचं मटण विकायचा. स्टीलच्या डब्यात मटण, डबा कापडी पिशवीत, पिशवीवर मेथीची जुडी. मेथी आमच्यासाठी, म्हणजे बिल्डिंगसाठी.

मेथीने कोण फसतंय! आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने मीटिंगच बोलावली. गच्चीवर सतरंज्या घालून आम्ही सगळे बसलो. सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, "काही सभासदांच्या घरून विशिष्ट प्राण्याचा वास येतो, अशी तक्रार आहे."

वहिनी उभ्या राहिल्या. बुटक्या, गोल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "नाव घ्या की प्राण्याचं. वराह अवतार म्हणायला तुम्हाला चालतं, आणि डुक्कर म्हणायला लाज वाटते?"

सेक्रेटरी म्हणाले, "प्रश्न वासाचा आहे."

"दर गुरुवारी तुमच्याकडे मुळ्याची भाजी होते. पार तळमजल्यापर्यंत कळतं. मी कधी मीटिंग बोलावली?"

सगळी गच्ची हसली. सेक्रेटरीणबाई सगळ्यांत आधी. तक्रार तिथेच मिटली, पण वहिनींनी त्या दिवसापासून तळताना गॅलरीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. "जिंकल्यावर जरा नमतं घ्यावं," म्हणाल्या.

मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून बसायचे. शाकाहारी माणसाने हे बघू नये खरं तर, पण मला तो सोहळा बघवत असे. ब्रेड दोन दिवस आधी गॅलरीत वाळत टाकलेला. तो किसणीवर किसायचा, मिक्सरला लावायचा नाही. "चुरा पोह्यासारखा हवा, रव्यासारखा नको." मटणाचे जाड काप वरवंट्याने ठोकायचे, कडेच्या चरबीला सुरीने चिरा द्यायच्या, नाहीतर कढईत आकसून द्रोण होतो. मग मैदा, मग अंडं, मग चुरा. चुरा दाबायचा नाही, नुसतं पांघरूण घालायचं. आणि तेलात सोडल्यावर त्या बघत नसत, ऐकत. मान तिरकी करून, डोळे मिटून. तळणाचा आवाज आधी जाडाभरडा असतो, मग बारीक, चिवचिवता होतो. तो झाला की झारा घालायचा. तोवर घरात कुणी बोललेलं चालायचं नाही. रस करताना मिसोत गूळ आणि सोड्यांचं पाणी घालायच्या, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचं. जपानी सासू कुठला तरी मासा वापरायची, इथे सोडे. "सासू तिकडची असली तरी सून इकडची आहे," म्हणायच्या.

समीर टेबलाशी चमचा आपटत बसलेला असायचा. "आई, झालं का? आई, किती वेळ?"

"घाई असेल त्याने पोहे खावेत," वहिनींचं ठरलेलं उत्तर. भाऊजींना, पाहुण्यांना, गॅसवाल्याला, सगळ्यांना हेच.

ताट समोर आलं की पोरगं हात जोडून जपानीत काहीतरी पुटपुटायचं, जेवणाआधी तिकडे म्हणतात ते. आमचा मुलगा ते त्याच्याकडून शिकला आणि पिठलं-भातासमोरही म्हणायला लागला. माझ्यासाठी वहिनी वेगळ्या कढईत सुरणाचे काप तसेच तळायच्या, वर सोड्यांशिवायचा रस. खोटं कशाला बोलू, सुरण इतका सुंदर लागतो हे मला माहेरी-सासरी कुणी सांगितलं नव्हतं.

आणलेला मिसो किती पुरणार? पुढे पुढे त्या तो मात्रा उगाळावी तसा वापरायला लागल्या. संपला तेव्हा समीरने विचारलं, "आता कटलेटं नाहीत?" त्या म्हणाल्या, "आहेत तर. तुझी आई मेली नाहीये." त्यांनी म्हातारीला कळवलं, तिने विरजणाची पुडी धाडली. ठाण्याच्या बाजारातून सोयाबीन आलं. पहिला घाणा वाया गेला. बरणीत अळ्या झाल्या. मी म्हटलं, जाऊ दे हो, आपल्याकडची हवा निराळी. वहिनींनी बरणी गरम पाण्याने धुतली, तीन उन्हं दाखवली, पुन्हा सोयाबीन भिजत घातलं. या वेळी तोंडाला जाड मिठाचा थर, वर कापड, त्यावर वरवंट्याचं वजन, त्यावर दादरा ताणून बांधला, आणि बरणी गेली माळ्याखालच्या फडताळात. म्हातारीने सांगितलं होतं, दोन पावसाळे अंगावरून गेल्याशिवाय उघडायची नाही.

दोन पावसाळे! मी असते तर दुसऱ्या महिन्यात झाकण वर करून बोट घातलं असतं. या बाईने दोन पावसाळे तिकडे पाहिलंसुद्धा नाही. उघडली त्या दसऱ्याला आम्ही सगळे जमलो होतो. तिने बोटभर चाखलं आणि पदराने डोळे पुसले. वहिनींना रडताना मी पाहिलं ते तेव्हा. पुढे जेव्हा रडायचं तेव्हा त्या रडल्या नाहीत.

समीर दहावी झाला त्या उन्हाळ्यात सकाळी उठला की त्याचे डोळे सुजलेले दिसायचे. वहिनी म्हणायच्या, सुट्टी लागलीय ना, लोळतंय नुसतं. मग पाय सुजले. मग भाऊजी त्याला मुंबईला घेऊन गेले आणि तिन्हीसांजेला दोघं परत आले तेव्हा भाऊजींचा चेहरा बघून मी देवापुढचं निरांजन तसंच हातात घेऊन दारात उभी राहिले. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. दुसरं बसवायचं तर वहिनींचं जुळेना, भाऊजींना मधुमेह. नाव नोंदवा, वाट बघा, तोवर आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन आणा. आणि पथ्य. मटण बंद. डाळ जवळजवळ बंद. मीठ पूर्ण बंद.

दुसऱ्या दिवशी वहिनी आमच्या दारात आल्या. हातात त्यांचा मिठाचा सट, दगडी, खडेमिठाने भरलेला. मीठ हातात देत नाहीत म्हणून त्यांनी तो उंबऱ्यावर ठेवला.

"हे तुमच्याकडे असू द्या. घरात दिसायला नको. आम्हीही खाणार नाही. तो बरा झाला की मागून नेईन."

आधीच्या बरणीतला मिसो संपला होता, त्याच आठवड्यात त्यांनी पुन्हा सोयाबीन भिजत घातलं.

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. जो पदार्थ नुसता मिठाचा, जो पोराला विषासारखा, तोच करायला घेतला! मी दाराशी उभी राहून म्हटलंही, "वहिनी, हे कशाला आता?"

त्यांनी मान वर केली नाही. मुठीमुठीने शिजलेलं सोयाबीन बरणीत दाबत होत्या, खाली हवा राहू नये म्हणून. "दोन पावसाळे लागतात याला. तोवर त्याचं ऑपरेशन झालेलं असेल. डॉक्टरच म्हणतील, खा बाबा काय खायचं ते. मग आयत्या वेळी कुठून आणू?"

समीर पलीकडे पलंगावर होता. तो हसला. "आई, मग मला दोन पावसाळे थांबायलाच पाहिजे."

"पाहिजेच," वहिनी म्हणाल्या, आणि दादऱ्याची गाठ दातांनी आवळली.

लोक देवाला नवस बोलतात. ही बाई बरणीला बोलली. तसं त्यांनी कधी तोंडाने कबूल केलं नाही, पण घरातल्या सगळ्यांना कळलं होतं, आणि मलाही. बरणी बंद आहे तोवर पोरगं आहे. फडताळाच्या दाराला त्यांनी कडी बसवून घेतली. दिवाळीची साफसफाई झाली तेव्हा सगळं घर बाहेर आलं, बरणी जागची हलली नाही.

एक पावसाळा गेला. त्या घरात बिनमिठाचं जेवण शिजत होतं, तिघांचं. पाहुणा आला तरी तेच. कढई गॅलरीत खिळ्याला टांगलेली होती, तिच्यावर गंज चढला. समीर अकरावीला गेला, बारावीला गेलाच नाही. उंच पोर, पण हात काडीसारखे झाले, रंग मातीसारखा. आठवड्यातले दोन दिवस मशीन, उरलेले दिवस मशीनमुळे आलेला थकवा. मी दुपारी जाऊन बसायचे. एकदा म्हणाला, "काकू, आज वरणात हिंग जास्त पडला ना तुमच्या?"

"तुला कसं कळलं?"

"वास येतो ना इथे. मी डोळे मिटतो आणि तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन जेवून येतो." मग आईचा कानोसा घेऊन हळूच म्हणाला, "सांगू नका हं तिला. तिला वाटतं मला कटलेटंच हवीत."

मी उठून घरी आले आणि बेसिनपाशी तोंडात पदर कोंबून रडले. काय करणार होते मी?

दुसरा पावसाळा यायचा होता. चैत्रातली गोष्ट. भाऊजी दवाखान्यातून एकटेच वर आले, समीरला खाली रिक्षात बसवून, त्याला उचलायला कुणी मिळतंय का बघायला. जिन्यात मी भेटले. म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, आता त्याला काय हवं ते खाऊ द्या."

एरवी किती चांगलं वाक्य. आजाऱ्याच्या घरी सगळे ज्याची वाट बघतात ते. भाऊजींनी भिंतीला हात टेकला आणि मी खाली समीरपाशी बसायला गेले.

पुढच्या रविवारी ते स्वतः कल्याणला गेले. जन्मात बाजारहाट न केलेला माणूस. डबा घेऊन आले आणि ओट्यावर ठेवला. आमचं दार उघडं होतं, त्यांचंही. मला सगळं ऐकू आलं.

"कुमुद, बरणी उघड."

"अजून एक पावसाळा आहे."

"अगं, डॉक्टर काय म्हणाले ते मी तुला सांगितलं."

"मी ऐकलं. कच्चं आहे ते. कच्चं नाही घालायचं त्याला."

"कुमुद, पाया पडतो तुझ्या. त्याच्याकडे बघ तरी."

"घाई असेल त्याने..." असं म्हणून त्या थांबल्या. वाक्य पुरं झालं नाही. मग डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. तो डबा तसाच बंद त्यांनी खालच्या वॉचमनच्या बायकोला नेऊन दिला, ती खायची म्हणून.

मला राग आला त्यांचा. खरंच आला. वाटलं, जाऊन दोन थोबाडीत द्याव्यात, हलवावं, सांगावं की बाई, पोर चाललंय. पण त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, म्हणून तर बरणी उघडत नव्हत्या. उघडली की मान्य केल्यासारखं होणार होतं.

तीन-चार दिवसांनी दुपारी वहिनी औषधं आणायला स्टेशनकडे गेल्या असताना भाऊजी आमच्या दारात आले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"लेलेवहिनी, वाटीभर वरणभात द्याल? मीठ घातलेला. त्याने मागितला."

आमची जेवणं झाली होती. मी कुकर लावला. तुरीचं वरण, हळद, हिंग, गुळाचा खडा. मीठ घालताना माझा हात आमच्या मिठाकडे गेला आणि परत आला. मी वहिनींचा सट काढला. म्हटलं, पोराच्या घरचं मीठ आहे, तेच घालू. वर तूप सोडलं आणि त्यांच्या हातात वाटी दिली. ते गेले आणि लगेच परत आले.

"लिंबू आहे का? लिंबू मागतोय."

मी अर्धं लिंबू दिलं. त्याने सगळा भात खाल्ला, असं भाऊजी वाटी परत करताना म्हणाले. वाटी त्यांनी धुऊन आणली होती, वास राहू नये म्हणून. वहिनींना दोघांनीही सांगितलं नाही.

पुढल्या आठवड्यात समीर गेला. पहाटे, झोपेत. पाऊस यायला अजून अवकाश होता.

वहिनी रडल्या नाहीत म्हणून बायका कुजबुजल्या. दहाव्या दिवशी सकाळी पुरुषमाणसं खाडीवर निघाली, आमचे हेही गेले. वहिनींनी भाऊजींना दारात थांबवलं.

"कावळा शिवायचा नाही लगेच," त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, भाजी काय आणायची ते सांगावं तसा. "त्याचं काय राहिलंय ते मला माहीत आहे. थांबवून धरू नका त्याला. सरळ सांगा, आई आज बरणी उघडते. आज करते. सांगाल ना?"

भाऊजींनी मान हलवली आणि खाली बघतच निघून गेले.

ते गेल्यावर मी वहिनींजवळ बसले. आणि मला दिसलं, ओट्यावर किसलेल्या ब्रेडचा चुरा परातीत पसरून ठेवला होता. पोह्यासारखा. गंजकी कढई घासून लख्ख केलेली. घरात सुतक, चूल बंद, जेवण आमच्याकडून जात होतं, आणि या बाईने रात्रीतून ही तयारी केली होती. बरणी वर्षभरात पहिल्यांदा फडताळाबाहेर आली होती. दादऱ्याची गाठ सैल करून ठेवली होती, नुसती ओढायची बाकी.

"निरोप आला की लगेच घेते करायला," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल त्यांना. दुपार होईल."

दहासुद्धा वाजले नव्हते तेव्हा जिन्यात पावलं वाजली. आमचे हे आधी आत आले, चेहरा सुटल्यासारखा. "फार वेळ नाही लागला," म्हणाले. "पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरतोय तोच शिवला. पोर तृप्त होऊन गेलं हो."

त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! मला ती धुऊन परत आलेली वाटी आठवली.

वहिनी बरणीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनी यांच्याकडे पाहिलंच नाही. मागून येणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"लगेच?"

"हो."

"निरोप सांगितलात?"

"सांगायच्या आधीच शिवला."

मग वहिनींनी अगदी हळू विचारलं, "काय दिलंत तुम्ही त्याला?"

भाऊजी तिथेच, ओल्या धोतराने, जमिनीवर बसले. "वरणभात."

"कुणाकडचा?"

त्यांची नजर आमच्या दाराकडे गेली. वहिनींची मान माझ्याकडे वळली. मी हात जोडले.

"मीठ घातलेला?"

"हो," मी म्हणाले.

त्या उठल्या. दादऱ्याची गाठ पुन्हा बांधली, करकचून. परातीतला चुरा गॅलरीच्या कठड्यावर नेऊन ओतला. तिथे चिमण्या आल्या, कावळे आले, सगळे आले. मग समीर गेल्यापासून पहिल्यांदा त्या रडल्या, आणि ते रडणं मला आजही ऐकू येतं.

दुसरा पावसाळा आला आणि गेला. दसऱ्याला त्यांनी बरणी भाऊजींच्या हातात दिली आणि खाडीत सोडून यायला सांगितलं. भाऊजींनी नंतर मला सांगितलं, काठावर एक म्हातारा कोळी जाळं सुकवत बसला होता. त्याने वास घेतला आणि विचारलं, "काय वो सायेब, कुजला काय?"

"मी म्हटलं, नाही. झालंय," भाऊजी म्हणाले. आणि मग खूप वेळ चष्मा पुसत राहिले.

वर्षभरात त्यांनी डोंबिवलीची जागा सोडली आणि टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेले. वहिनी माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. पण माझ्या दाराकडे बघायचं त्यांनी सोडलं होतं आणि मीही दार लोटून घ्यायला लागले होते. मिठाचा सट त्यांनी मागितला नाही, मला स्वतःहून द्यायचा धीर झाला नाही. तो माझ्या फडताळात तसाच राहिला. दर पावसाळ्यात त्याला पाणी सुटायचं, दर उन्हाळ्यात खडे पुन्हा घट्ट व्हायचे.

दोन-तीन वर्षांनी भाऊजींचा फोन आला. "कुमुदने बोलावलंय जेवायला. आणि येताना तिचं मीठ आणायला सांगितलंय."

मी पिशवीत सट घेऊन कसारा गाडीने गेले. आजूबाजूला अर्ध्या बांधलेल्या इमारती, जिन्याला अजून कठडा नाही. वहिनींनी दार उघडलं. वाळल्या होत्या. कुंकू लहान झालं होतं. मी सट उंबऱ्यावर ठेवला, त्यांनी तो उचलून आत नेला.

ओट्यावर कुकर होता. कढई कुठे दिसली नाही. त्यांनी तीन पानं मांडली. मग सट उघडला, आत हात घातला आणि विचारलं, "त्या दिवशी यातलंच घातलं होतंत ना?"

मी दचकले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही यातलंच घातलं असणार." त्यांनी वरणात मीठ घातलं. "हिंग?"

"होता."

"गूळ?"

"लहानसा खडा."

त्यांनी घातला, ढवळलं, आणि मान तिरकी करून वरणाला उकळी फुटताना ऐकत राहिल्या. मग पानांत चिमूटभर मीठ वाढलं, भात वाढला, वरण, तूप, लिंबाची फोड. भाऊजी खाली बघून बसले होते. वहिनींनी पहिला घास केला. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडात मीठ गेलं नव्हतं. त्यांनी तो खूप सावकाश चावला, गिळला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"एवढंच होतं?"

"एवढंच," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. लिंबाची फोड उचलली, भातावर पिळली, बिया बोटाने बाजूला केल्या आणि दुसरा घास घेतला.